सदाशिव पेठेत जेवायचे कोठे? माधुकरी, वार, खाणावळ आणि मेस यांचा धागा

दोन दिवसांसाठी पुण्यात यायचे आहे, मुक्काम सदाशिव पेठेत आहे, खिसा रिकामा नाही पण फार जडही नाही. तर जेवायचे कोठे? या प्रश्नाला पुणेकर लगेच दहा-बारा नावांची यादी देतो. पाहुणा ती यादी घेऊन निघतो आणि दुपारी साडेतीन वाजता एखाद्या खाणावळीच्या बंद दारापुढे उभा राहतो. दोष यादीचा नसतो. या पेठेतली जेवणाची ठिकाणे मुळात कोणासाठी निघाली, हे त्या यादीत लिहिलेले नसते, एवढेच.

ती प्रवाशांसाठी निघाली नाहीत. शिकायला आलेल्या, वर्षानुवर्षे राहणाऱ्या आणि खिशात मोजके पैसे असणाऱ्या मुलांसाठी निघाली. हे एकदा ध्यानात आले की तिथल्या वेळा, पाट्या, ताटातले पदार्थ, वाढप्याची घाई, या सगळ्याचा उलगडा होतो. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

पेठेचे नाव पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे. पेशवाईत दरवर्षी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा भरे आणि गावोगावहून आलेल्या विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. एल्फिन्स्टनने दक्षिणेचा सगळा खर्च एकदम तोडला नाही. त्या परंपरेला धरून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा, म्हणजेच हिंदू कॉलेज, सुरू झाले. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज आणि १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज निघाले. हे शेवटचे म्हणजेच आजचे टिळक रस्त्यावरील सर परशुरामभाऊ महाविद्यालय. कोकणातून, देशावरून, कऱ्हाड-साताऱ्याकडून मुले येत राहिली. शाळा होत्या, वाड्यांतून राहण्यापुरत्या खोल्या होत्या. अडचण होती ती दोन वेळच्या अन्नाची.

त्यावर दोन जुने उपाय होते. पहिला माधुकरी. मधुकर म्हणजे भुंगा. तो जसा अनेक फुलांतून थोडे थोडे घेतो, तसे मुलाने ठरावीक घरांच्या दारी उभे राहून थोडे थोडे शिजलेले अन्न घ्यावे आणि खोलीवर येऊन खावे. सदाशिव पेठेत १९०९ मध्ये स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, याच माधुकरीच्या आधारावर उभे राहिले.

दुसरा उपाय वार लावून जेवण्याचा. सात वारांची सात घरे ठरवायची. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. ऐकायला हा प्रकार मोठा आपुलकीचा वाटतो, आणि काही घरांत तो तसा असेही. परंतु एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास ठरलेला. यजमानांच्या घरी सुतक आले की ताट बंद. पंगत उठल्यावर उरेल ते खायचे, वर चार कामेही करायची, हा अनुभवही दुर्मीळ नव्हता. आज चरित्रांतून हे वाचताना आपण त्याला जिद्दीची कहाणी म्हणून टाळ्या देतो. रोज दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला ते कसे वाटले असेल, हा विचार मात्र राहून जातो.

शिवाय वार मिळण्यासाठी ओळख लागे, आणि ओळखीच्या आधी जात लागे. ही सगळी व्यवस्था मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी ब्राह्मण घरांनी चालवलेली होती. कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा बुद्धीने कितीही तल्लख असला तरी सदाशिव पेठेत त्याला वार मिळणार नव्हता. फी माफ होऊ शकते, पुस्तके उसनी मिळू शकतात. पण रोज जेवायची सोय नसेल तर शहरात शिक्षण होत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी केली, त्यामागे हेच निदान होते. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये शाहू बोर्डिंग काढून सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही विकले गेले. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या स्थापनावर्षांइतकाच स्वयंपाकघरांतूनही लिहायला हवा, असे मला वाटते.

आता खाणावळ. जिथे महिन्याचे पैसे भरून ओळखीवाचून जेवता येते, ती खाणावळ. वाराच्या तुलनेत हा फार मोठा बदल होता. पैसे मोजले की उपकार संपले! अनेक खाणावळी विधवा किंवा एकट्या पडलेल्या बायकांनी घरच्या चुलीवर चालवल्या. हातात शिक्षण नाही, भांडवल नाही, स्वयंपाक तेवढा येतो, अशा बाईला उभे राहण्याची ती जवळजवळ एकमेव वाट होती. मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. तिथल्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. पुण्यातल्या बहुसंख्य खाणावळवाल्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

याच घरगुती खाणावळीची मोठी आवृत्ती म्हणजे ‘बोर्डिंग हाऊस’. टिळक रस्त्यावरचे बादशाही १९३०च्या दशकातले. पेरूगेटजवळचे पूना बोर्डिंग हाऊसही त्याच कुळातले. नावात ‘बादशाही’ असले तरी ताटात वरण, भात, पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर असा रोजचा मराठी स्वयंपाक. इथल्या नियमांच्या पाट्यांची पुष्कळ थट्टा होते, पण त्या मालकाच्या तिरसटपणातून आलेल्या नाहीत. महिनेवारी सभासदांच्या हिशेबातून आल्या आहेत. ठरलेल्या दरात किती माणसे जेवणार हे आधी ठाऊक असेल तरच खाणावळ तगते. म्हणून वेळ ठरलेली, ताट ठरलेले, अन्न टाकण्यावर डोळा, आणि न जेवल्याच्या दिवसांसाठी ‘खाडा’ हा खास शब्द. गावी जाणाऱ्याने आधी सांगितले तर खाडा धरला जाई, म्हणजे तेवढे पैसे वळते होत. न सांगता गेले की खाडा नाही. सांगणारा-न सांगणारा यांतला हा फरक पुणेरी शिस्तीच्या साऱ्या विनोदांपेक्षा जास्त बोलका आहे.

जेवणाकडून चहाकडे येऊ, कारण पुण्याच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले ‘हॉटेलिंग’ चहाचेच आहे. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातली पन्नासच्या आसपास प्रतिष्ठित मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी प्याला नुसता हाती धरला. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती. पुढे ‘पुणे वैभव’मध्ये उपस्थितांची नावेच छापून आली आणि शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांनी त्यांना दूषणे दिली. एका कपासाठी एवढे! पण प्रश्न चहाचा नव्हताच. कोणाच्या हातचे घ्यायचे, हा होता.

त्याचे दुसरे टोक कोल्हापुरात आहे. पंचहौदानंतर साधारण तीन दशकांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थांनी तिथे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घेणे भाग पडले. छत्रपतींनी उपाहारगृह कसे निवडले, याचा हा नमुना.

पुण्यात चहा रुळला तो ‘अमृततुल्य’ दुकानांतून. ती चालवणारी कुटुंबे बव्हंशी राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांची. पितळी पातेले, वेलची-आले, फडक्यातून गाळलेला दाट गोड चहा आणि ओट्यावर बसून तो करणारा मालक. पंचहौदावरून हादरलेल्या शहराला ब्राह्मणाच्या हातचा चहा सोयीचा वाटला असेल काय? मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही. सुगंध उत्तम असतो, हे वेगळे.

जातीच्या पाट्यांना कायद्याने उत्तर मिळाले ते २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून तिथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलचा उल्लेख कशाला, असे आज वाटेल. बाबासाहेबांना आणि त्यांच्या पिढीला तो का हवा होता, हे वरच्या दोन कपांच्या गोष्टींवरून कळते. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) कायदा आला आणि असा मज्जाव शिक्षापात्र ठरला.

आता पाहुण्याच्या प्रश्नाकडे. खाणावळ आणि उपाहारगृह या दोन वेगळ्या संस्था आहेत, ही गल्लत टाळावी. उपाहार म्हणजे मधल्या वेळचे खाणे: मिसळ, साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा. कुमठेकर रस्त्यावरचे स्वीट होम खिचडीसाठी, शेजारच्या नारायण पेठेतले बेडेकर मिसळीसाठी नावाजलेले. इथे सकाळी जावे. पुण्याची ही जुनी मिसळ कोल्हापुरी झणझणीतपणाच्या अपेक्षेने खाऊ नये. तिची चव सौम्य, किंचित गोडसर असते, आणि तो तिचा दोष नव्हे.

दुपारचे जेवण खाणावळीत. भूक बेताची असेल तर बोर्डिंगचे साधे ताट. सणासारखे जेवायचे असेल तर टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेजवळ दूर्वांकुरची अमर्याद थाळी. मध्यम खर्चात हिशेब असा ठेवावा की दोन दिवसांत एकच थाळी अमर्याद, दुसरे ताट साधे. कारण अमर्याद थाळीनंतर संध्याकाळी काही खाण्याची इच्छा उरत नाही. दुपारी एक ते चार या वेळेत खरेदीची आशा धरू नये, असे पूर्वी सांगत. बाजीराव रस्त्यावरच्या चितळ्यांनी २०१७ मध्ये ती सुटी सोडली, आणि वृत्तपत्रांत त्याची बातमी झाली.

खरोखर पाहुण्यांसाठी निघालेले ठिकाण म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये काढले. नाटक-सिनेमाच्या माणसांचा तो जुना अड्डा. पेठेतल्या बोर्डिंगांहून तिथली हवा निराळी का, हे नावातच आहे.

संध्याकाळी निंबाळकर तालमीच्या चौकात मस्तानी. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. सुजाताचे हे दुकान १९६८ पासूनचे. बाजीरावांच्या मस्तानीला ज्या शहराने पंगतीत घेतले नाही, त्या शहराचे आवडते पेय आज तिच्या नावाने ओळखले जाते. आणखी एक गोष्ट पेला हातात असताना आठवावी: मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतात आपल्या चुलतभावाबरोबर लढला आणि त्या जखमांनी गेला. तो चुलतभाऊ म्हणजे ही पेठ ज्यांच्या नावाची, ते सदाशिवरावभाऊ.

आजही या पेठेची खरी गिऱ्हाइके विद्यार्थीच आहेत. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बीड, लातूर, नांदेड, जळगावहून येतात, अभ्यासिकेत दिवस काढतात आणि गल्लीतल्या मेसमध्ये जेवतात. वार लावणाऱ्या मुलांच्या जागी आता सर्व जातींची, शेतकऱ्यांची मुले आहेत, मुली आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मेस बंद झाल्या, तेव्हा अभ्यास, निश्चय, पुस्तके सगळे जागेवर असून अनेकांना गावाकडे परतावे लागले. शंभर वर्षांपूर्वी रिकाम्या वाराने जे केले, तेच.

अशा मेसमध्ये पाहुण्यालाही एका वेळचे ताट बहुधा मिळते. थाळीघरापेक्षा स्वस्त, ताटाभोवती चर्चा पूर्वपरीक्षेच्या गुणांची. मात्र पहिली गर्दी सभासदांची असते. जरा उशिराने, पण वेळ संपण्याच्या आत जावे. रविवारी दुपारी बहुतेक ठिकाणी गोडाधोडाचा बेत असतो आणि संध्याकाळी मेस बंद. म्हणून मुक्कामात रविवार येत असेल तर दुपारीच नीट जेवून घ्यावे, आणि रात्रीसाठी एस. पी. महाविद्यालयासमोरची बिर्याणी ध्यानात ठेवावी. रांग असते.