उत्कलनबिंदू : वहीतला आणि भांड्यातला

शाळेच्या प्रयोगवहीत पाण्याचा उत्कलनबिंदू नेहमी 100 अंश सेल्सिअसच येतो. पुण्यात येतो आणि महाबळेश्वरातही येतो. वास्तविक पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे; तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळायला हवे. महाबळेश्वरला तर 95-96 अंशांनाच. घरात आपल्याला हे वेगळ्या रूपात ठाऊक असते : उंचावरच्या गावी उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. वर्गात मात्र विद्यार्थी पारा 98 वर थांबलेला पाहतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि 100 लिहितो. आपणही तापमापीला दोष देऊन पुढे जातो. (शाळांतल्या तापमाप्या पाहता तो अगदीच खोटा नसतो!)

हा 100 आला कुठून, हे पाहायला अठराव्या शतकात जावे लागते. तापमापीवर खुणा करायच्या तर दोन स्थिर बिंदू हवेत. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे फॅरनहाइटने 1724 मध्येच नोंदवले होते. पण दाब सारखा ठेवला तरी प्रश्न उरत होता : पाणी 'उकळले' असे नेमके केव्हा म्हणायचे? तळाशी बुडबुडे दिसले तेव्हा, की पाणी खळाखळा उसळू लागले तेव्हा? लंडनच्या जॉर्ज अ‍ॅडम्सच्या तापमापीवर दोन खुणा होत्या. पाणी उकळू लागते ते 204 अंश फॅरनहाइटला आणि जोराने उकळते ते 212 ला.

जिनिव्हाच्या झाँ-आंद्रे दल्युकने या गोंधळाचा पिच्छाच पुरवला. पाण्यात विरघळलेल्या हवेमुळे खरे उकळणे झाकले जाते, अशी त्याची शंका होती. ती हवा काढण्यासाठी त्याने पाण्याची कुपी चार आठवडे हलवली. झोप, गावातले कामकाज आणि दोन्ही हात लागणारी कामे सोडली तर कुपी हातातच. जेवताना, वाचताना, मित्रांना भेटताना, फिरायला जाताना तो ती हलवत राहिला, आणि हे सारे त्याने आपल्या ग्रंथात लिहूनही ठेवले. ते हवारहित पाणी नेहमीच्या दाबाखाली 112 अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि मग एकदम उसळले. आज आपण याचे कारण सांगू शकतो : वाफेचा बुडबुडा तयार व्हायला हवेच्या सूक्ष्म कणिकेचा आधार लागतो. तो नसला की पाणी नुसते तापत राहते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले पाणी चमचा घालताच कधी कधी अंगावर उसळते, ते यामुळेच.

हेन्री कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीत हा दल्युकही होता. समितीने 1777 मध्ये शिफारस केली, की तापमापीचा फुगा पाण्यात बुडवू नये, वाफेत धरावा. पाणी लहरी असले तरी त्यावरची वाफ बरीच स्थिर असते. म्हणजे आपला 100 हा पाण्याचा नव्हे, ठरावीक दाबाखालच्या वाफेचा आकडा!

पाठ्यपुस्तकांत यातले फारच थोडे उरले. काही दोष आम्हां संशोधकांच्या लेखनपद्धतीचा आहे. 1963 मध्ये पीटर मेडावर यांनी बीबीसीवरील भाषणात शोधनिबंधाचा साचाच फसवा ठरवला होता. विचार प्रत्यक्षात ज्या वाटेने गेला ती वाट त्यात दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा आपल्या प्रयोगवहीचा साचा त्याच घराण्यातला. दल्युकची कुपी त्यात कोणत्या रकान्यात बसवणार?

विज्ञानाचे इतिहासकार हासोक चांग यांनी 2004 मधील आपल्या पुस्तकात ही सारी कथा उकरून काढली आणि नंतर साध्या उपकरणांनी ते प्रयोग पुन्हा करून पाहिले. जुन्या लोकांची निरीक्षणे बव्हंशी खरी निघाली. काचेच्या भांड्यात पाणी धातूच्या भांड्यापेक्षा किंचित जास्त तापमानाला उकळते, हे गे-ल्युसॅकचे निरीक्षणही त्यांत आले.

एवढा प्रयोग आपल्या शाळेतही होण्यासारखा आहे. एक चंचुपात्र, एक स्टीलचे पातेले आणि तीच तापमापी. फुगा एकदा पाण्यात, एकदा वाफेत. वहीत गावाचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दिसला तो आकडा. परीक्षेत 100 लिहिताना 'प्रमाण दाबाखाली' हे दोन शब्द जोडायला सांगावे. गुण जात नाहीत.