मासे कोणी मारले?

अमरावतीचे वडाळी आणि छत्री हे दोन्ही तलाव इंग्रजी अमदानीतले, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. त्यांचा इतिहास शोधताना बांधाची उंची, साठा, नळयोजना हेच माझ्या हाती लागत गेले. मासे कधी मेले, हे कागदावर कोण लिहिणार? ते भोई मंडळींच्या बोलण्यात सापडते.

वऱ्हाडातल्या तलावांवर दिवसभर आभाळ दाटून राहिले, वारा पडला, की एखाद्या पहाटे मासे उलटे तरंगताना दिसतात. लगेच आवई उठते, कोणीतरी विष टाकले! ठेका घेतलेल्या सोसायटीत भांडणे लागतात, संशय शेजारच्या गावावर जातो. माझे म्हणणे एवढेच की, पोलिसांत जाण्याआधी मेलेले मासे नीट पाहावेत.

कतला-रोहू मेले आणि मरळ, मागूर जगले, तर टाकलेल्या विषाची शंका जरा मागे ठेवावी. मरळ-मागूर पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतात. कतला-रोहूंची सगळी मदार पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच वापरते. पाणी हिरवेगार, दाट झाले असेल तर पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. बहुधा मोठे आधी मरतात, बोटुकली मागाहून.

शेवाळाचे स्वतःचेही विष असते. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचे शेवाळलेले पाणी पिऊन जनावरे दगावल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले. आपल्याकडच्या घाण पाण्यातही वाढणारे मायक्रोसिस्टिस हे नीलहरित शेवाळ (खरे तर हे जिवाणूच) माशाचे यकृत बिघडवते. शिवाय दाट शेवाळाने दुपारी पाण्याचा सामू चढतो, त्यातला अमोनिया जहाल होतो आणि कल्ले खराब होतात. असा मासा लगेच मरत नाही. तो वाढत नाही, रोगाला बळी पडतो आणि भोयाचे जाळे हलके होते. त्याची तर आवईही उठत नाही.

मग कोणी मोरचूद सुचवतो. मोर्शी-वरुडच्या संत्रा बागायतदाराला ते बोर्डो मिश्रणामुळे ओळखीचे. अमेरिकी कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्यातले शेवाळ मारायला तेच सुचवले होते. पण १९७९ मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर धरणात मोरचूद टाकल्यावर काही दिवसांत १४८ जण, बहुतेक मुले, आजारी पडले. शेवाळ मेले, त्याच्या पेशींतले विष पाण्यात उतरले. तलावात तर मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते.

जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर मोर्णेतली जलपर्णी उपसायला नदीत उतरले. जलपर्णी आणि शेवाळ, दोघांचे खाद्य एकच : सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद. जलपर्णी हाताने ओढता येते, शेवाळ मुठीत येत नाही. त्यासाठी नालाच अडवावा लागेल.

तोवर सोसायट्यांना एक विनंती. मासे मेल्याची वेळ, पाण्याचा रंग, कोणत्या जाती मेल्या नि कोणत्या जगल्या, एवढे हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.