बर्फ पंखावर होता की धावपट्टीवर?

डोंगराळ भागातल्या पोस्टिंगमध्ये हिवाळा काढलेल्यांना 'स्लश' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अर्धवट वितळलेला, पाणी सुटलेला बर्फाचा चिखल. दिसायला अगदी निरुपद्रवी. या चिखलामुळे एका वैमानिकाची दहा वर्षं दोषाच्या ओझ्याखाली गेली. त्याची ही हकीकत.

६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडचा सामना ३-३ असा बरोबरीत सोडवून मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ इंग्लंडला परतत होता. विमान होतं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं एअरस्पीड अ‍ॅम्बॅसेडर, दोन पिस्टन इंजिनांचं. इंधन भरायला ते म्युनिकला उतरलं. बाहेर बर्फ पडत होता. कॅप्टन जेम्स थेन आणि दुसरे कॅप्टन केनेथ रेमेंट, दोघेही एकेकाळचे रॉयल एअर फोर्सचे.

इंजिनाचा दाब वरखाली होऊ लागल्याने दोनदा टेकऑफ सोडून द्यावा लागला. तिसऱ्या वेळी इंजिनांनी साथ दिली. वेग ११७ नॉटपर्यंत गेला. म्हणजे आता थांबणं शक्य नव्हतं, आणि उचलायला ११९ नॉट हवे होते. फक्त दोन नॉट! पण वेग वाढण्याऐवजी ११२ वर आला, मग १०५ वर. धावपट्टी संपली. विमान कुंपण तोडून एका घरावर आदळलं. ४४ पैकी २३ जण गेले, त्यात ८ खेळाडू. विमान चालवत असलेले रेमेंट काही आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये वारले. उत्तरं द्यायला थेन एकटे उरले.

आता खरा मुद्दा. बर्फ पंखावर गोठला असेल, तर दोष कॅप्टनचा, कारण पंख तपासणं त्याचं काम. बर्फ धावपट्टीवर असेल, तर प्रश्न विमानतळाकडे जातो. तपास जर्मन अधिकाऱ्यांचा, विमानतळही जर्मन. तपास प्रमुख अवशेषांपाशी पोहोचले ते अपघातानंतर काही तासांनी, आणि तोवर बर्फ पडतच होता. तेव्हा पंखावर जे सापडलं, तेच टेकऑफच्या वेळीही होतं असं धरलं गेलं. उड्डाणापूर्वीचा एक फोटो पुरावा म्हणून आला. त्यात पंख पांढरा दिसत होता. १९५९ च्या अहवालात कारण नोंदलं गेलं: पंखावरचा बर्फ.

पुढे मूळ निगेटिव्ह तपासली, तेव्हा तो पांढरेपणा प्रकाशाच्या परावर्तनाचा निघाला. ब्रिटनमध्ये स्लश पसरलेल्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. थोड्याशा स्लशचाही चाकांना किती अडथळा होतो, हे आकड्यांनी दाखवलं. ११७ वरून १०५ का, याचं उत्तर तिथे होतं. १९६९ मध्ये ब्रिटिश अहवालाने थेन यांना दोषमुक्त केलं.

पण तोवर नोकरी केव्हाच गेली होती. रेमेंटना डाव्या सीटवर बसू दिलं, हा नियमभंग ठरवून कंपनीने त्यांना काढलं होतं. ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. थेन कोंबड्या पाळून राहिले आणि १९७५ मध्ये, ५३ व्या वर्षी, हृदयविकाराने गेले.

फौजेत आपल्यापैकी अनेकांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बसून सह्या केल्या आहेत. जबाब, नकाशे, फोटो, शेवटी 'फाइंडिंग्ज'. जिवंत उरलेला माणूस समोरच बसलेला असतो, त्याच्यावर बोट ठेवणं सर्वात सोपं. जमीन, हवामान, यंत्र यांना मात्र बोलतं करावं लागतं. त्याला वेळ लागतो. ज्या गोष्टीचा दोष ठरतोय, ती प्रसंगाच्या वेळी तशीच होती का, एवढा एक प्रश्न सही करण्याआधी विचारायला हवा. आज स्लशची खोली मोजल्याशिवाय विमान सोडत नाहीत. ती शिस्त त्या २३ जणांच्या किमतीवर आली आहे. २४ वे थेन, असं मला वाटतं.

जय हिंद!