महजर: हजर की जाहीर?

वसईत पाणी आणि पूर या विषयावरच्या एका बैठकीला गेलो होतो. दारातच एक कागद पुढे आला. माथ्यावर लिहिले होते, ‘भागधारकांचा हजेरीपट’. सही करून आत गेलो. शेजारी बसलेल्या वाडीवाल्या काकांनी आपल्या बावखलाची, म्हणजे वाडीतल्या तळ्याची, सगळी हकिकत सांगितली. ते किती खोल, पावसात कधी भरते, त्याच्यामुळे जवळच्या विहिरीचे पाणी कसे गोडे राहते, शेजारचे बावखल बुजवल्यापासून पावसाचा लोंढा कुठे वळतो. काही महिन्यांनी अहवाल आला. काकांचे नाव शेवटच्या परिशिष्टात होते. बावखल कुठेच नव्हते.

तेव्हापासून ‘हजेरी’ हा शब्द डोक्यातून जाईना. त्याचा माग काढत गेलो आणि पोचलो महजरापाशी.

महजर म्हणजे जुन्या काळचा निवाड्याचा कागद. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे जाणते लोक जमत. कागदात हाजिर मजालसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची, नावे येत, मग दोन्ही पक्षांचे म्हणणे, साक्षी, आणि शेवटी निर्णय. ज्यांना लिहिता येत नसे ते सहीच्या जागी निशाणी म्हणून आपल्या कामाचे अवजार काढत. पाटलाचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. कोण होते, काय बोलले आणि काय ठरले, हे सगळे एकाच कागदावर.

आता शब्दाचे कूळ. अरबीत ह-ज़-र या धातूचा अर्थ उपस्थित असणे. त्यातला ज़ फारसीच्या उच्चारातून आपल्याकडे ‘ज’ होऊन आला. हजर, हजेरी, हुजूर ही एकाच घरातली भावंडे आणि महजर हेही त्यांच्यातलेच. अर्थ सरळ: हजर असलेल्यांचा कागद. म्हणजे बैठकीच्या दारातला हजेरीपट हा महजराचा सख्खा, पण पोट रिकामे झालेला वंशज. नावे उरली, निवाडा गळाला.

पण इथे वाद आहे. कित्येक मराठी कागदांत हा शब्द ‘मजहर’ असाही येतो. त्यावर बोट ठेवून कोणी म्हणेल की मूळ दुसरे, ‘प्रकट होणे’ या अर्थाच्या धातूचे, ज्यातून ‘जाहीर’ आला. मग महजर म्हणजे लोकांत जाहीर केलेला निकाल. ही व्युत्पत्ती दिसायला देखणी आहे, पण मला ती पटत नाही. एक तर अकबराच्या दरबारात १५७९ साली उलेमांच्या सह्यांनी झालेला प्रसिद्ध कागदही महजरच म्हणवतो आणि त्याचे मूळ हजर असण्याचेच आहे. दुसरे, बोलण्यात अक्षरांची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते: निकाल जाहीर करायला दवंडी पुरते, त्यासाठी गोत जमवावे लागत नाही. मजहर हे महजराचेच बोलीतले उलटे रूप, असे मी धरतो.

भेद अक्षरांचा असला तरी तो आजही जिवंत आहे. प्रकल्पाची सूचना ‘जाहीर’ होते, माणसे ‘हजर’ असतात, आणि पहिल्यालाच दुसरे समजले जाते.

आता दारातल्या कागदावरचा ‘भागधारक’ ज्या इंग्रजी शब्दामागून आला, त्या ‘स्टेकहोल्डर’कडे वळू. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा अर्थ होता पैजेचे पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत. म्हणजे ज्याचे डावात काही लागलेले नाही असा माणूस! १९६३मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका टिपणात तो उलटला आणि ज्यांच्या आधारावाचून संस्था टिकणार नाही त्यांना लागला. १९८४मध्ये आर. एडवर्ड फ्रीमन यांच्या पुस्तकाने तो व्यवस्थापनात रुजवला. मग शाश्वत विकासाच्या चर्चेबरोबर तो संशोधनात शिरला. आपण त्याचे ‘हितधारक’ केले आणि घाईत ‘भागधारक’ही. भागधारक म्हणजे शेअरवाला. ज्याची विहीर खारट झाली त्याने कोणता शेअर घेतला होता?

सहभागाची कल्पना बाहेरून आली असे मानणाऱ्यांना मी महिकावतीच्या बखरीकडे नेतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४मध्ये ती छापली. तिच्यात केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे १४४८च्या सुमारास लिहिलेल्या भागात नायकोराव या स्थानिक प्रमुखाच्या पुढाकाराने उत्तर कोकणातली कुळे एकत्र आल्याची हकिकत आहे. विषय धर्म आणि राज्याचा, पाण्याचा नव्हे. तरी जे ठरायचे ते ज्यांच्यावर बेतले आहे त्यांना बसवून ठरवावे, ही रीत या मातीत तेव्हाही होती, असे मी छातीठोकपणे म्हणेन. तिची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. गोतात वतनदारांचे वजन. बायकांची नावे विरळ, आणि उपऱ्या कुळाचा आवाज क्षीण. १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला, तेव्हा ती उणीव काही अंशी धीटपणे भरली गेली.

वसईत हा वारसा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने रस्त्यावर आणला. पुढे २००९मध्ये महापालिका झाली. जुलै २०१८च्या पावसात शहर बुडाले, मिठागरांत माणसे अडकली. मग ‘निरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या समितीने पुराचा अभ्यास केला. त्यातून पाणी थोपवून धरणाऱ्या धारण तलावांची शिफारस आली. ती वाचताना मला काकांचे बावखल आठवले. दोन्ही एकच नव्हेत. बावखल वाडीला पाणी देण्यासाठी, धारण तलाव लोंढा अडवण्यासाठी. पण पाणी कुठे थांबते आणि कुठे मुरते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला माणूस नकाशा काढणाऱ्याच्या शेजारी बसायलाच हवा, आणि त्याचे म्हणणे पटो न पटो, निष्कर्षाच्याच पानावर उमटायला हवे.

असा महजर वसईत लिहायचा झाला तर निशाण्या कोणत्या, याचा मी कित्येकदा विचार केला आहे. वाडीवाल्याचा रहाट, कोळ्याची होडी, मिठागरावरच्या मजुराचे फावडे, हे पटकन सुचते. नालासोपाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी, पावसात गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठणारी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी बाई मात्र जुन्या गोताच्या हिशेबात उपरीच. तिच्या नावापुढे मी बादली काढली आहे.