तळटीप : पासलीच्या कातळाखाली
लेखकाने ‘कातळाचा तळ’ म्हटले आहे, तो पहारीने लागणारा नव्हे. वेल्ह्यातल्या पासलीचा परिसर दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे.

हा तळ न खोदता अजमावता येतो. बेसाल्टची घनता २.९ च्या आसपास, त्याखालच्या ग्रॅनाइटची २.७ हून थोडी कमी. त्यामुळे थराची जाडी बदलली की गुरुत्वाकर्षणही किंचित बदलते. आजचे गुरुत्वमापक दहा कोटींतल्या एका भागाएवढा फरक टिपतात. पण सह्याद्रीत खरी कसोटी आकडेमोडीची. एक मीटर वर चढले की वाचन सुमारे ०.३ मिलिगलने घटते, आणि १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यासारखा डोंगर शेजारी असेल तर तो उपकरणाला वरच्या बाजूला ओढतो. ही ओढ हिशेबातून वजा केल्याशिवाय खोलवरचे काही दिसतच नाही.

चुंबकीय पाहणीत आणखी एक गुंता आहे, आणि तो मोठा सुंदर आहे: यातला बराचसा लाव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थिजला, ती उलटी दिशा खडकात आजही टिकून आहे.

अशा अंदाजांचा पडताळा कोयनेला मिळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या त्या भागात, गोठणे येथे, पुढे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. बेसाल्ट १२४७ मीटरवर संपला. त्याखाली गाळाचा खडक नव्हता, थेट ग्रॅनाइट-नाइस लागला.