जूनमधली शाळा आणि तिची भाषा

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपण मराठीत ज्या अर्थाने वापरतो, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. व्रतस्थ धर्मभगिनी जिथे एकत्र राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट. त्या घराला लागून त्यांनी मुलींची शाळा काढली आणि घराचे नाव शाळेला चिकटले, इथवर ठीक. परंतु पुढे महाराष्ट्राच्या गावोगावी अशा पाट्या लागल्या की ज्या संस्थेत एकही धर्मभगिनी नाही, ख्रिस्ती माणूसही नाही, तीसुद्धा 'अमुक कॉन्व्हेंट' म्हणवू लागली. इंग्रजी माध्यम एवढाच त्या शब्दाचा उरलेला अर्थ. मराठी टीकालेखनात 'कॉन्व्हेंटी' हे विशेषण तुच्छतादर्शक म्हणून रुळले तेही याच वाटेने. या शब्दाआड जी खरी संस्था आहे, म्हणजे कॅथलिक धर्मसंघांनी आणि धर्मग्रामांनी चालवलेली माध्यमिक शाळा, तिचा इतिहास आपण फारसा वाचलेला नाही. तो वाचायला एक सोयीचे टोक आम्हांला दिसते : शाळेचा पहिला दिवस. फाटकातून आत कोण येणार, प्रार्थना कोणत्या भाषेत होणार आणि वर्ष कोणत्या पंचांगाने मोजणार, हे तिन्ही प्रश्न त्या एका दिवशी एकत्र येतात.

पंचांगापासून आरंभ करू. येशूसंघाची पहिली शाळा १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे निघाली, आणि शैक्षणिक वर्षाच्या आरंभी पवित्र आत्म्याची मिस्सा अर्पण करण्याची चाल तेव्हापासूनची मानली जाते. संघाने १५९९ मध्ये आपली अध्यापनसंहिता, 'रातियो स्तुदियोरुम', मुक्रर केली. युरोपातला हा आरंभ शरद ऋतूतला, सुगी आटोपल्यानंतरचा. आपल्याकडे मात्र मृगाचा पाऊस ठरवतो तो दिवस. मे महिन्याची सुट्टी आणि जूनच्या मध्यावर उघडणारी शाळा हा क्रम कोकणात इतका नैसर्गिक वाटतो की तो कधीकाळी ठरवला गेला हेच आपण विसरतो. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक, जी रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले ती, १८५९ च्या ऑक्टोबरात झाली होती. पंतोजींच्या शाळेत तर मुलाला घालायचे ते दसऱ्याला, पाटीपूजन करून. जून हा त्या मानाने अलीकडचा पाहुणा आहे.

गंमत अशी की हा पाहुणा कॅथलिक पंचांगात अनपेक्षितपणे चपखल बसला. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, पेन्टेकॉस्ट, हा ईस्टरवर अवलंबून असल्याने १० मे आणि १३ जून यांच्या दरम्यान फिरतो. म्हणजे शाळा उघडण्याच्या आधीच्या महिना-सव्वा महिन्यात तो येतोच. ज्या आत्म्याच्या नावाने मेसिनात वर्ष सुरू झाले त्याचा सण आणि मुंबई-ठाण्यातले पावसाळी वर्ष असे शेजारी येऊन बसले. पाठोपाठ २१ जूनला अलॉयशियस गोन्झागाचा सण. रोममधील प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १५९१ साली, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी मरण पावलेला हा येशूसंघी विद्यार्थी तरुणांचा आश्रयदाता मानला जातो. केरळातील अनेक चर्चमध्ये पेन्टेकॉस्टला मुलांना पहिले अक्षर गिरवायला लावतात. आपल्या दसऱ्याच्या पाटीपूजनाचे हे सख्खे भावंडच म्हणायचे. आणि केरळ इथे दूर नाही : सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला तो याच पट्ट्यात नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मल्याळी कॅथलिकांसाठी.

आता भाषा. उत्तर कोकणात येशूसंघीयांचे विद्यालय वसईच्या किल्ल्यात होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तो अध्याय संपला. एकोणिसाव्या शतकात नवा अध्याय सुरू झाला तो मुंबईत आणि पुण्यात, मुख्यतः जर्मनभाषक येशूसंघीयांच्या हातून. माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे, धोबीतलावचे सेंट झेवियर्स १८६९ चे. जर्मन शिक्षक, इंग्रजी माध्यम, लॅटिन प्रार्थना आणि समोर बसलेली मुले साष्टी-वसईची, जी घरी मराठीचीच एक बोली बोलत. या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांपासून आपले वेगळेपण सरकारदरबारी आणि नोकरीच्या बाजारात ठसावे हा त्यामागचा हेतू. ज्यांची मायबोली मराठी, त्यांच्या अस्मितेचे नाव इंग्रजी. शाळेने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण शाळेवाचून ते घडले नसते असे आम्हांला वाटते. पहिल्या महायुद्धात हे जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, नजरकैदेत गेले, बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आले. पुढे त्यांची जागा स्पॅनिश येशूसंघीयांनी घेतली, ज्यांतून इतिहासकार हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईस आले. शिक्षकांची राष्ट्रीयता बदलली. माध्यम इंग्रजीच राहिले.

पण हेच धर्मसंघ अहमदनगर जिल्ह्यात गेले तेव्हा त्यांनी मराठी शाळा काढल्या, ही गोष्ट 'कॉन्व्हेंट' या शब्दात मावत नाही. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले ते या मिशनच्या कामातून. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले आणि काही वर्षे जपानात हिरोशिमालाही होते. दलित वस्त्यांतून आलेली मुले या मराठी शाळांत आणि त्यांच्या बोर्डिंगांत शिकली. त्यांचा पहिला दिवस म्हणजे पत्र्याची पेटी घेऊन घर सोडण्याचा दिवस. संगमनेरच्या येशूसंघीय शाळेचे नाव 'ज्ञानमाता विद्यालय' आहे. मरियेच्या 'सेदेस सापिएन्तिये', ज्ञानाचे आसन, या लॅटिन बिरुदाचे इतके सुरेख मराठी रूप क्वचितच साधले असेल. सरस्वतीची आठवण व्हावी आणि मरियेचा विसर पडू नये, अशी ही शब्दयोजना. वसईतही धर्मग्रामांनी मराठी माध्यमिक शाळा चालवल्या. नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कूलमधून शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादक होते, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला झालेला विरोध आठवतो. तो करणाऱ्यांनी नंदाखालच्या शाळेची पाटी कोणत्या भाषेत आहे एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

फाटकातून कोण आत येणार, हा प्रश्न सर्वांत उघडपणे विचारला गेला तो १९५४ साली. त्या वर्षी ६ जानेवारीला मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्याखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये. देशी भाषांचा प्रसार हा हेतू. पण त्याची अंमलबजावणी वंश पाहून. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने (ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन, परंतु आदेश सर्वांनाच होता) या आदेशामुळे दोन मुलांचे प्रवेश नाकारले. एक भारतीय ख्रिस्ती मुलगी, जिच्या घरची भाषाच इंग्रजी होती, आणि एक गुजराती हिंदू मुलगा. प्रकरण न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या खंडपीठाने आदेश रद्द ठरवला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदानुसार सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, हा त्यामागचा आधार. जूनमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या शाळांना निकाल मिळाला तो फाटक उघडण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी.

या निकालाचे दोन्ही अर्थ एकदम ध्यानात घ्यायला हवेत. त्याने मराठी, गुजराती, सिंधी मुलाला कॅथलिक शाळेची वाट मोकळी ठेवली. आणि त्याच वाटेने मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग पुढील दशकांत रिकामे होत गेले. सरकारचा मार्ग चुकीचा होता यात शंका नाही. त्याची भीती मात्र खोटी ठरली नाही.

अंबरनाथच्या परिसरात हे सारे एका चौरस मैलात दिसते. एका टोकाला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर, शेजारून वाहणारी वालधुनी. दुसरीकडे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि आयुधनिर्माणी यांनी आणलेली कामगारवस्ती. पलीकडे उल्हासनगर, जिथल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली ज्याला हे नाव मिळाले. बुवापाड्यासारख्या वस्तीच्या नावातला 'पाडा' शहर येण्याआधीच्या गावठाणाची खूण आहे. इथल्या कॅथलिक शाळेचे आणि चर्चचे नाव फातिमा. १९१७ साली तीन मुलांना मरियेचे दर्शन झाले असे मानतात ते हे पोर्तुगालमधील गाव, आणि गावाचे नाव अरबी. पोर्तुगालमार्गे आलेल्या अरबी नावाची शाळा, तिच्यात सिंधी, आगरी, मल्याळी, तमिळ घरांतली मुले, आणि चिठ्ठीवर 'फातिमा हायस्कूल' देवनागरीत. कोणतीही एक अस्मिता इथे सहजासहजी टिकू नये अशीच ही रचना आहे.

अशा शाळांच्या पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकात एक तास दुभंगतो. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला, बाकीची 'मॉरल सायन्स'ला. घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येत नाही, त्यातून निघालेली ही तोड. बेंच तेच, शिक्षिका वेगळी. मराठी कथाकारांनी या तासाकडे अजून नीट पाहिलेले नाही, असे आम्हांला नेहमी वाटते.

जून हा भाषेचे निर्णय जाहीर करण्याचाही महिना आहे. गोव्यात १९९०-९१ मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांच्या माध्यमाशी बांधले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी इंग्रजी सोडून देवनागरी कोकणी स्वीकारली. २०११ साली इंग्रजीलाही अनुदान खुले झाले आणि त्या परत इंग्रजीकडे वळल्या. वीस वर्षांत दोनदा माध्यम बदलणाऱ्या त्या शाळांतून निघालेली मुले पाचवीत माध्यमिक शाळेत गेली तेव्हा कोणत्या भाषेत विचार करत होती, हे कोणी तपासल्याचे आमच्या वाचनात नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तीही त्या जूनपासून ज्यात शाळांची फाटके उघडलीच नाहीत. शहरांतले आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले. २०२५ च्या १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला, २९ जूनला मागे घेतला गेला. मधल्या पंधरवड्यात शाळा सुरू होऊन गेल्या होत्या.

त्याच वर्षी गोव्याने सहावीपासून पुढच्या वर्गांचे वर्ष जूनऐवजी एप्रिलच्या सातव्या तारखेला सुरू केले. ईस्टर त्या वर्षी २० एप्रिलला होता. म्हणजे तिथल्या कॅथलिक शाळांची मुले नव्या वर्गात शिरली ती उपवासकाळात, पवित्र सप्ताहाला आठवडा उरलेला असताना. पवित्र आत्म्याचा सण ८ जूनला आला, तेव्हा त्यांच्या नव्या वह्यांची पहिली पाने भरून झालेली होती.