भुताचा रंग पांढरा

मासायुकी ओचिआई यांचा ‘कान्सेन’ (२००४) हा जपानी भयपट एका डबघाईला आलेल्या हॉस्पिटलमध्ये घडतो. सामान संपत आलंय, माणसं अपुरी आहेत. चुकीच्या औषधाने एक पेशंट दगावतो आणि डॉक्टर-नर्स मिळून ते दडपतात. मग त्यांच्यातच एक विचित्र लागण पसरते. नेहमीचं केस मोकळे सोडलेलं भूत इथे नाही. घाबरवतात ते अर्धवट उजेडातले लांब कॉरिडॉर आणि पांढरे कपडे. जपानमध्ये प्रेताला पांढरं नेसवत. अठराव्या शतकात मारुयामा ओक्यो या चित्रकाराने रंगवलेली भुताची बाईही पांढऱ्यातच आहे.

हा सिनेमा बघताना मला सारखं गडचिरोली आठवत होतं.

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे काम करू लागले. शहरात सरकारी दवाखाना होता, पण आदिवासी तिकडे फिरकत नसत. सोपं उत्तर तयार होतंच: अंधश्रद्धा. बंगांनी ते न मानता लोकांनाच विचारलं. लोकांनी सांगितलेली कारणं अशी: एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. सोबतच्यांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरं मढ्याला गुंडाळतो. मढ्यासारखी दिसणारी माणसं जीव कसा वाचवणार?

ओचिआईंनी पडद्यावर जे उभं केलं, त्यातलं बरंचसं या माणसांनी त्याआधीच बोलून दाखवलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ॲप कुणी वापरलं नाही, की दोष आधी वापरणाऱ्याच्या अकलेला जातो. बंगांच्या ‘सर्च’ संस्थेने मात्र डिझाइनच बदललं. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये दवाखाना उभा राहिला तो गोंडांच्या गावासारखा. पेशंटसाठी झोपड्या, सोबत राहायला घरची माणसं, आणि नाव लोकांच्या देवीचं: माँ दंतेश्वरी दवाखाना.

ही भीती फक्त जंगलातली नव्हती. कोविडच्या वॉर्डात आपल्या माणसाजवळ बसता येत नव्हतं. पांढऱ्या किटमधल्या डॉक्टरांचे चेहरे दिसत नव्हते. तेव्हा पुण्या-मुंबईतले शिकलेले लोकही ‘काहीही करा, पण हॉस्पिटल नको’ म्हणत होते. त्यांना मात्र कुणी अडाणी म्हटलं नाही.